तांबड्याची बाजू

या पानावर कुणी भुताखेताचा अनुभव लिहिला की त्याखाली जाऊन "उंदीर असेल", "पंख्याची हवा असेल", "आधी डोळे तपासा" असल्या कमेंटी टाकणारी एक कटकटी बाई असते ना... ती मीच. लातूरला एका क्लासमध्ये अकरावी-बारावीच्या पोरांना फिजिक्स शिकवते. लिंबू-मिरची, अमावस्या, नजर उतरवणं, यातलं आमच्या घरात काहीही चालत नाही. त्यामुळे हे लिहिताना माझा मलाच राग येतोय. पण या प्रकारानं डोकं खाऊन टाकलंय, म्हणून एकदाचं लिहून मोकळी होते. हसायचं तर खुशाल हसा, मीही तुम्हाला कमी हसलेली नाही.

आमचा फ्लॅट औसा रोडला, मेन रस्त्यापासून जरा आत, दुसऱ्या मजल्यावर. हॉलमध्ये शिरलं की उजव्या हाताला स्वयंपाकघर, डाव्या हाताला गॅलरी आणि समोर एक लांब कोरी भिंत. जे काही झालं ते याच भिंतीवर, आणि तेही दिवसाउजेडी. घरात मी, माझा नवरा विलास — तो एका डाळमिलमध्ये सुपरवायझर आहे — आणि गेल्या दिवाळीपासून माझे वडील. त्यांना मी दादा म्हणते.

दादा हदगावजवळच्या एका खेड्यातले. आई जाऊन बरीच वर्षं झाली, आणि मी एकुलती एक. अंगणात पाय घसरून पडले, उजवा खांदा मोडून घेतला, तेव्हा मी जाऊन त्यांना जवळपास उचलूनच आणलं. टेम्पोत त्यांची एक पेटी, एक घोंगडी आणि बैलगाडीचं जुनं जू. बैल जाऊन जमाना झाला, गाडी मोडीत गेली, पण जू मागे ठेवायला हा माणूस तयार नाही.

"मागं कोणीबी चुलीत घालंल," म्हणाले. "जू जाळू न्हाई."

बरं, म्हटलं. आणलं आणि गॅलरीत वॉशिंग मशीनच्या मागे उभं करून ठेवलं.

आता खरं दुखणं सांगते. दादा माझ्याकडे पोटभर जेवत नव्हते. आमच्याकडच्या जुन्या लोकांत एक रीत आहे. लेकीला मूल होईस्तोवर बापानं तिच्या घरचं अन्न घ्यायचं नाही. मला मूल नाही, आणि आता होण्याचं वयही गेलं. दादा तसे समजूतदार, तोंडानं एक शब्द बोलले नाहीत. चहा प्यायचे, पाणी प्यायचे. पण ताटावर बसले की अर्धी भाकरी मोडायची, वरणात कुस्करायची आणि "झालं माय" म्हणून उठायचं. शेतात असताना भाकरीची चवड संपवणारा माणूस! अंबाडीची भाजी केली, शेंगदाण्याची चटणी केली, धपाटे केले... सगळं तसंच राहायचं. डॉक्टर मला झापायचे — खांदा जुळायला पोटात काही जायला नको का? वजन असंच उतरत राहिलं तर ॲडमिट करावं लागेल. लोकांना अशा वेळी रडू येतं म्हणे. मला नुसता संताप यायचा. लेकीचं घर म्हणजे काय दुश्मनाचं घर?

त्यात कागदांचा गोंधळ. आमच्याकडे घरात आलेला प्रत्येक कागद फ्रिजच्या डोक्यावर जातो. लाइटबिल, गॅसची पावती, सोसायटीची नोटीस, कुणाकुणाच्या लग्नपत्रिका. त्यातच दादांचे रिपोर्ट. एकदा दवाखान्यात डॉक्टरांनी मागचा रक्ताचा रिपोर्ट मागितला आणि मी अख्खी पर्स उपसली तरी तो काही निघाला नाही. सगळ्या पेशंटांसमोर बोलणी खाल्ली. घरी येऊन बघते तर रिपोर्ट विलासच्या चुलत भावाच्या लग्नपत्रिकेच्या आत. विलास म्हणाला, "सापडला ना? मग झालं की." त्याच दिवशी मी ठरवलं, भिंतीवर लाकडी कप्पे करायचे. प्रत्येक कागदाला त्याची जागा.

बाजारात मिळतात ते कप्पे खेळण्यातले असतात, दोन जाडजूड फायली ठेवल्या की वाकतात. मी चार व्हिडिओ बघितले आणि म्हटलं यात काय अवघड आहे? मागे एक मजबूत आडवी पट्टी, त्यावर वर उघडे असे तीन डबे, खाली किल्ल्यांना हुक. पट्टीसाठी लाकूड शोधता शोधता नजर जुवावर गेली. बाभळीचं, घासून घासून गुळगुळीत झालेलं, आणि बैलाच्या मानेच्या दोन्ही अंगांना खुंट्या घालतात त्यांची भोकं आयतीच पाडलेली. किल्ल्या अडकवायला याहून चांगलं काय मिळणार!

दादांना विचारलं. ते दिवाणावर बसून गॅलरीकडे बघत होते.

"घे की. हितं उन्हात तडकूनच जाईल," म्हणाले. "कापू नको मातर."

कापलं नाही. जुन्या शोकेसच्या प्लायवूडचे तीन डबे केले. घासकागद मारून बोटांची सालं निघाली. बाभळीत भोक पाडताना ड्रिलचं पातं इतकं तापलं की धूर निघाला. दोन रविवार हॉलभर भुसा, विलासच्या शिंका, माझी चिडचिड. पण झालं एकदाचं. डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या — उजवीकडे 'दवाखाना', मध्ये 'बिलं', डावीकडे 'सटरफटर'. दोन्ही टोकांना लांब स्क्रू, आरपार, भिंतीत पक्के. मोबाइलवर लेव्हल बघून लावलं, वरच्या कडेला धरून भिंतीवर पेन्सिलीनं रेघसुद्धा मारली. फोटो काढून स्टेटसला टाकला. कॉलर एकदम ताठ.

दुसऱ्या दिवशी क्लासवरून आले तर दवाखान्याचे कागद जमिनीवर आणि उजवं टोक रेघेच्या खाली. दोन बोटं तरी खाली.

आता नीट वाचा, कारण इथंच लोक मला मध्ये तोडतात. स्क्रू ढिला झाला नव्हता. पेचकसानं पिळून बघितला, तसूभर हलेना. भिंतीतलं भोक मोठं झालं नव्हतं. मी दोन्ही स्क्रू काढले, तेच स्क्रू त्याच भोकांत पुन्हा बसवले आणि जू रेघेवर सरळ! त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा खाली. स्क्रू जागचा हलत नाही आणि त्यानं धरलेलं लाकूड खाली येतं... अकरावीच्या पोरानं पेपरात असं लिहिलं तर मी भोपळा देईन.

मी पुन्हा लावलं, पुन्हा उतरलं. डबा रिकामा ठेवला, तरी उतरलं. मला वाटलं, विलास मजा करतोय. त्यानं आईची शपथ घेतली आणि वर म्हणाला, "काय करलालीस गं सारखं ठोकठोक? राहू दे की तिरकं. कागद काय पळून जालालेत का?" दादांवर संशय घेण्यात अर्थ नव्हता, त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जातच नव्हता. मग बशीर मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी स्वतःची पाणसळ लावली, भिंत ठोकून बघितली, स्क्रू बदलून जाडे घातले. दोन दिवसांनी पुन्हा बोलावलं तर कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"मॅडम, दीवार बराबर है, लकडी बराबर है, पेच भी बराबर है," म्हणाले. "मेरेकू तो कुछ समझ में नै आ रा."

जमीन हलली असेल, असं कृपया लिहू नका. लातूरकरांना जमीन हलली की सगळ्यात आधी कळतं.

शेवटी मी डोकं शांत ठेवून प्रयोग करायचं ठरवलं. तिन्ही डबे काढले. जुवाला बरोबर मधोमध दोरी बांधून लटकवलं. ते सरळ राहिलं, म्हणजे कुठलंच टोक जड नाही. मग टोकं बदलली. उजवीकडचं टोक डावीकडे घेतलं आणि डबे मात्र आपापल्या जागी, दवाखाना उजवीकडेच. दोष भिंतीचा असेल तर आता पुन्हा उजवी बाजू उतरेल, असं माझं साधं गणित. दुसऱ्या दिवशी दुपारी आले तर गॅलरीकडची, डावी बाजू खाली. सटरफटरमधल्या लग्नपत्रिका फरशीवर पसरलेल्या. म्हणजे भिंत कुठलीही असो, उतरायचं ते जुवाचं तेच टोक.

मी पेचकस फेकला. फेकला म्हणजे खरंच फेकला, फरशीचा टवका उडाला. "काय पाहिजे काय याला?" म्हणून मी त्या लाकडावर ओरडले. शेजारच्या फ्लॅटमध्ये ऐकू गेलं असणार.

दादा दिवाणावरून म्हणाले, "ती तांबड्याची बाजू हाय."

"कोण तांबड्या?"

"बैल. तू लहान होतीस. काजळ्या देवणी, अन् तांबड्या लालकंधारी. दोन जातीची इजोड जोडी म्हणून लोक हसायचे. पण एकदा बाजू ठरली की बैल बाजू सोडत न्हाई. तांबड्या त्याच टोकाला. तुवा भिंतीवर कसंबी फिरव, त्याला त्याचं टोक ठावं हाय."

मी कपाळावर हात मारला. पण दादा खांदा मोडल्यापासून एवढं सलग पहिल्यांदाच बोलत होते, म्हणून मी ऐकत राहिले.

तांबड्याला त्यांनी कंधारच्या बाजारातून आणलं. आणल्या दिवसापासून त्यानं तोंड मिटलं. हिरवा चारा टाकला, सरकीची पेंड भिजवून ठेवली, गूळ चारून बघितला. वास घ्यायचा आणि मान खाली टाकून उभा राहायचा. जुवाला जुंपला तरी मान खालीच, गाडी एका अंगाला कलायची. लोक म्हणाले, परत ने, परक्या गोठ्यात खात नसतो असला बैल.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. म्या माही भाकर घेऊन गोठ्यात गेलो. त्याच्यापुढं बसलो अन् खाल्ली. दुसऱ्या रोजी बी. मी खाऊन राहिलो की त्यो बघायचा. बघता बघता एक रोजी तोंड घातलं त्यानं पेंडीत."

इथं माझं टाळकं सरकलं. इतक्या महिन्यांचं साचलेलं सगळं बाहेर आलं. "म्हणजे बैलाला परकं घर वाटू नये म्हणून तुम्ही गोठ्यात जेवलात! आणि मी? मी रोज तुमच्यापुढे बसते, तव्यावरची भाकरी वाढते, तुम्ही अर्धी मोडून उठता. तो बैल असून जेवला. तुम्ही का नाही जेवत? मला पोर नाही, हा माझा गुन्हा आहे का?"

हे शेवटचं वाक्य मला बोलायचं नव्हतं. पण गेलं तोंडातून.  दादा खालमानेनं घोंगडीची दशी ओढत बसले. मी आत जाऊन भांडी आपटली.

दुसऱ्या दिवशी मी वाढलं तर दादा टेबलाकडे आलेच नाहीत. डाव्या हातात ताट सांभाळत हॉलमध्ये गेले आणि भिंतीपाशी, जुवाच्या उतरलेल्या टोकाखाली, फरशीवर मांडी घालून बसले. मी म्हटलं, "दादा, हे काय?"

"कामून चिडून राहिलीस? बसू दे जरा. त्याच्यापाशी बसतो."

आणि जेवले. अख्खी भाकरी. भाजी पुसून घेतली, चटणी संपवली. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते, आनंद व्हायचा सोडून डोक्यात तिडीक गेली. लेकीसाठी नाही... बैलासाठी! तेही भिंतीवरच्या लाकडातल्या बैलासाठी! ताट उचलायला गेले तेव्हा सहज वर बघितलं.

जू रेघेवर होतं. मी हात लावला नव्हता. स्क्रू काढले नव्हते. मोबाइल लावून बघितला, लेव्हल शून्य.

तुम्ही म्हणाल, योगायोग. मीही तेच म्हटलं. त्यानंतर रोज दादा तिथं बसून जेवायचे आणि जू सरळ राहायचं. मी कुणाला काही सांगितलं नाही, काय तोंडानं सांगणार? मग एका रविवारी विलासनं आग्रह धरला, "मामा, आज टेबलावर बसा बघू. खाली बसून कंबर धरेल." जावयाचा शब्द, दादा मोडणार कसे? बसले. आणि सवयीप्रमाणं अर्धी भाकरी मोडून "झालं" म्हणत उठले, हात धुऊन आतल्या खोलीत आडवे झाले.

विलास आणि मी जेवतच होतो. भर दुपार, पंखासुद्धा बंद, कारण लाइट गेलेली. किल्ल्या वाजल्या.

आम्ही दोघांनी एकदमच बघितलं. तांबड्याची बाजू खाली येत होती. पडत नव्हती, घसरत नव्हती... सावकाश खाली येत होती, जनावर मान टाकतं तशी. सटरफटरमधल्या पत्रिका एकेक करून फरशीवर उतरल्या. किल्ल्या सरळ लोंबत होत्या, जू तिरकं. दोन बोटं उतरलं आणि थांबलं. माझ्या हातातला घास हातातच. आयुष्यात पहिल्यांदा मला उत्तर शोधावंसं वाटलं नाही, फक्त भीती वाटली. लहान पोराला वाटते तशी.

विलासनं ताट बाजूला सारलं. म्हणाला, "मामांना उठव."

दादा आले. जुवाकडे बघितलं, मग आमच्याकडे, जरा ओशाळल्यासारखे. टेबलावरची उरलेली अर्धी भाकरी उचलली, चटणीची वाटी घेतली आणि खाली जाऊन बसले. मी त्यांना पाणी आणायला आत वळले. तांब्या घेऊन आले तर जू सरळ. ते वर जाताना मी बघितलं नाही. विलासला विचारलं तर म्हणतो, मी मामांकडे बघत होतो. विचारा त्याला तुम्ही, अजून तेच सांगतो.

हे सगळं मी एका मित्राला सांगितलं, तो इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. त्यानं घरी येऊन सगळं मोजलं, लाकूड दमट हवेत वाकतं वगैरे सांगितलं. लातूरच्या मे महिन्यात दमट हवा! मग चहा पिऊन गेला आणि त्यानंतर हा विषय त्यानंही काढला नाही. मी वहीत आकृत्या काढून बघितल्या, बलांचे बाण काढले, एकही आकृती पुरी होत नाही. शिकवताना फळ्यावर तोच धडा आला की हल्ली माझी जीभ अडखळते. मला भुतं मानायची नाहीत. आणि जे डोळ्यांनी बघितलं ते नाकारताही येत नाही. अशी मध्येच लटकून राहिलेय, याचाच जास्त वैताग आहे.

दादांचा खांदा जुळला. वजन वाढलं. डॉक्टर मलाच शाबासकी देतात, आणि रिपोर्ट आता पटकन सापडतात हेही खरं. एकदा मी दादांना टोमणा मारलाच, "बैलासाठी जेवता, लेकीसाठी नाही."

ते म्हणाले, "त्यो मुका हाय, माय. तू भांडतीस तरी."



मागच्या आठवड्यात क्लासला सुट्टी होती. दुपारी मी ओट्याशी भाकरी थापत होते. दादा ताट घ्यायला आले आणि नेहमीसारखे हॉलकडे वळले नाहीत. तिथंच, माझ्या पायाशी, स्वयंपाकघराच्या फरशीवर भिंतीला टेकून बसले. मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर उठून गेले असते. गरम भाकरी वाढली, ती त्यांनी खाल्ली. मी दुसरी तव्यावर टाकली, माझ्यासाठी. पाठीमागून आवाज आला, जरा घसा खाकरून.

"संगे... अर्धी आण अजून. चटणी बी."

बापानं माझ्या घरात मागून घेतलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पहिल्यांदा. मी मागे वळले नाही, कारण डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात पिठाचे होते. भाकरी करपली ती मी तशीच बाजूला सारली, नवी थापली, त्यांना अख्खी वाढली. त्यांनी अख्खी खाल्ली.

त्या दुपारी हॉलमध्ये जू सरळ होतं की उतरलेलं, हे आता मला, ज्यांना सांगितलं ते सगळे विचारतात. विलास तर रोज विचारतो. एवढा मोठा पुरावा हाताशी होता, मीही स्वतःला शास्त्राची माणूस म्हणवते. पण खरं सांगते, बघायचंच राहून गेलं.